पाटी इथे, चित्र तिथे

डिजिटल चित्रकलेचं मनावर घेतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एका प्रश्नाशी येऊन अडतो. टॅब्लेट घ्यायचा तो स्क्रीनवाला की बिनस्क्रीनचा? बिनस्क्रीनचा म्हणजे ती काळी, चपटी, प्लास्टिकची पाटी. तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ उमटते समोरच्या मॉनिटरवर. पाटीवर काही म्हणजे काही दिसत नाही. ऑफिसात माझ्या टेबलावरची पाटी बघून पाच-सहा जणांनी तरी मला हा प्रश्न विचारलाय, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात एक गृहीतक असतं. खरी चीज म्हणजे स्क्रीनवाला टॅब्लेट, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी ही तडजोड. म्हणजे आधी ही साधी पाटी आली, मग तंत्रज्ञान सुधारलं आणि पेन थेट चित्रावर टेकायला लागलं.

तर्काला पटणारा क्रम आहे. फक्त तो उलटा आहे.

आधी आलं ते स्क्रीनवर टेकवायचं पेन. लोकांनी ते वापरून बघितलं, त्यातल्या अडचणी कळल्या, आणि मग कोणीतरी डोकं चालवून ते पेन मुद्दाम खाली टेबलावर आणलं. तडजोड म्हणून नाही, सुधारणा म्हणून. ही गोष्ट साठ वर्षं जुनी आहे आणि आपल्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांनाही ती माहीत नसते. म्हणून हा वीकेंड तिच्यासाठी.

तारेवरची सही

हात एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे ही कल्पना संगणकापेक्षाही म्हातारी आहे. एलिशा ग्रे हे नाव टेलिफोनच्या इतिहासात कुठेतरी वाचलं असेल. १४ फेब्रुवारी १८७६ या दिवशी ग्रॅहम बेलचा टेलिफोनच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी, त्याच कचेरीत, त्याच कल्पनेचे कागद घेऊन जो पोचला आणि शेवटी हरला, तो हा ग्रे. गडी खचला नाही. १८८८ मध्ये त्याने 'टेलॉटोग्राफ' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लिहिणाऱ्याच्या पेनाची हालचाल विजेच्या संकेतांत बदलायची, तारेवरून पाठवायची, आणि पलीकडच्या टोकाला दुसरं पेन तस्संच हलवायचं. इकडे सही केली की तिकडे सही! १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र लोकांना बघायला मिळालं. (विवेकानंदांचं ते प्रसिद्ध भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) पुढे बँकांत, रेल्वे स्टेशनांत, इस्पितळांत ही यंत्रं बरीच वर्षं चालली.

आपल्यापुरती यातली महत्त्वाची गोष्ट एवढीच. हाताच्या हालचालीचे दोन आकडे करता येतात, एक आडवा आणि एक उभा. एकदा आकडे झाले की ती हालचाल कुठेही पाठवा. यापुढची सगळी कहाणी या दोन आकड्यांची आहे.

आधी बंदूक, मग पेन

१९५० च्या दशकात अमेरिकेने हवाई संरक्षणासाठी 'सेज' नावाची अवाढव्य संगणक यंत्रणा उभारली. रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी 'हे विमान' असं संगणकाला दाखवायचं कसं? त्यासाठी ऑपरेटरच्या हातात 'लाइट गन' दिलेली असे. पिस्तुलासारखी वस्तू, तोंडाशी प्रकाश ओळखणारा सेन्सर. ती थेट पडद्यावर धरायची.

युक्ती साधी पण झकास आहे. सीआरटीच्या पडद्यावर सगळे ठिपके एकाच वेळी उजळत नाहीत, एकामागून एक उजळतात. ज्या क्षणी बंदुकीला प्रकाश दिसला, त्या क्षणी आपण कोणता ठिपका उजळत होतो हे संगणकाला ठाऊक असतं. झालं, जागा कळली. सेन्सरला स्वतःला जागेचं काही ज्ञान नाही, सगळं टायमिंगवर चालतं.

बंदुकीचं पेन झालं आणि १९६३ मध्ये एमआयटीच्या आयव्हन सदरलँडने आपल्या पीएचडीसाठी 'स्केचपॅड' लिहिला. लिंकन लॅबमधल्या टीएक्स-२ या संगणकावर हातातलं लाइट पेन पडद्यावर टेकवून तो रेषा काढायचा, वर्तुळं काढायचा, 'या दोन रेषा समांतर राहू देत' असं सांगायचा, आणि त्या राहायच्या. आजच्या कॅड सॉफ्टवेअरची गंगोत्री म्हणावी असं काम. म्हणजे बघा, १९६३ मध्येच माणूस थेट स्क्रीनवर चित्र काढत होता. आपण ज्याला 'पुढची पायरी' म्हणतो ती पहिली होती.

मग अडचण काय होती? एक तर पडदा उभा. हात हवेत धरून दहा मिनिटं काम केलं की खांदा भरून येतो (फळ्यावर लिहिणाऱ्या कुठल्याही मास्तरांना विचारा). दुसरं, आपलाच हात आपल्याच चित्राच्या मध्ये येतो. तिसरी अडचण जास्त तांत्रिक. पेनाला जागा कळण्यासाठी त्याच्या टोकाखाली काहीतरी उजळलेलं असावं लागतं. कोऱ्या जागेत प्रकाशच नाही, मग पेन आंधळं. म्हणून स्केचपॅडला पेनाच्या टोकाखाली एक छोटी फुली सतत नाचवत ठेवावी लागे. हात जरा झटकन हलला की फुली मागे पडायची आणि माग सुटायचा. सदरलँडने या अडचणीचाही उपयोग करून घेतला. रेषा संपवायची असेल तर पेनाला एक झटका द्यायचा. माग सुटला म्हणजे रेषा संपली असं समजायचं. बगचं फीचर करण्याची आपली परंपरा एवढी जुनी आहे!

पण चित्रकाराच्या दृष्टीने विचार करा. ज्या साधनात हात झटकन हलवला की रेघ तुटते, त्यात स्केचिंग काय कपाळ करणार?

अठरा हजार डॉलरची पाटी

याचं उत्तर आलं कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून, रँड कॉर्पोरेशनमधून. ऑगस्ट १९६४ मध्ये डेव्हिस आणि एलिस या दोघांनी तिथून एक अहवाल प्रसिद्ध केला. विषय 'रँड टॅब्लेट'. पैसा दिला होता अर्पाने, म्हणजे ज्या संस्थेने पुढे अर्पानेटलाही पैसा दिला, तिनेच.

ही पाटी होती दहा इंच बाय दहा इंच. पातळ प्लास्टिकच्या फिल्मवर एका बाजूला तांब्याच्या उभ्या रेघा, दुसऱ्या बाजूला आडव्या. इंचाला शंभर, दोन्ही दिशांना १०२४. म्हणजे पेनाच्या दहा लाखांवर वेगवेगळ्या जागा ओळखता येत. किंमत १८,००० डॉलर. त्या काळी डॉलर ४.७६ रुपयांना होता, म्हणजे साधारण पंचाऐंशी हजार रुपये. १९६४ चे पंचाऐंशी हजार, हे लक्षात घ्या.

प्रत्येक रेघेतून विजेच्या स्पंदांचा स्वतःचा असा एक क्रम सोडलेला असे. पेन म्हणजे छोटा अँटेना. ज्या रेघेजवळ ते असेल तिचा क्रम त्याला 'ऐकू' येई, आणि त्यावरून जागा कळे. लाइट पेन पडद्यावरच्या प्रकाशावर अवलंबून होतं. इथे पेनाला पाटीच जागा सांगते, पडदा चालू असो वा बंद. हात कितीही झटकन हलवा, माग सुटायचा प्रश्नच नाही.

इथे आपल्यासारख्यांना आवडेल अशी एक बारीक गोष्ट आहे. रेघांना नंबर द्यायला साधे बायनरी आकडे वापरले नव्हते. साध्या बायनरीत ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. पेन जर बरोबर ३ आणि ४ च्या मधोमध असेल, तर तीनही बिट एकदम बदलण्याच्या सीमेवर असतात. त्यातला एखादा चुकीचा वाचला गेला की पेन पाटीच्या भलत्याच टोकाला आहे असं वाटू शकतं. म्हणून वापरला 'ग्रे कोड'. त्यात ३ म्हणजे ०१० आणि ४ म्हणजे ११०. शेजारच्या दोन आकड्यांत नेहमी एकच बिट वेगळा, त्यामुळे चूक झाली तरी फार तर एका रेघेची. (हा ग्रे म्हणजे बेल लॅब्जचा फ्रँक ग्रे. टेलॉटोग्राफवाल्या एलिशा ग्रेशी गल्लत नको. एकाच गोष्टीत दोन ग्रे आले याला मी काय करणार!) कॉलेजात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरसाठी ग्रे कोड आपण सगळ्यांनी घोकलाय. तो कशासाठी असतो हे तेव्हा असं पाटी-पेन्सिल दाखवून सांगितलं असतं तर लक्षात राहिला असता.

पण तारा आणि कोड यापेक्षा मोठा निर्णय वेगळाच होता. पाटी टेबलावर आडवी, पडदा समोर उभा, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पेन पाटीजवळ नेलं की पडद्यावर एक ठिपका दिसायचा. पेन हलेल तसा ठिपका हलायचा. टोक दाबलं की 'शाई' सुरू. आजच्या दोन-तीन हजारांच्या पाटीवर अगदी हेच होतं! नकाशा गिरवायचा असेल तर तो पाटीवर पसरून वरून पेन फिरवायचं. आणि डोळे पडद्यावर, हात खाली, हे लोकांना जमेल का? तर रँडच्या मंडळींना दिसलं की वापरणारा काही मिनिटांतच रुळतो. पडद्यावरची शाई आणि खालचं पेन मनातल्या मनात एकमेकांवर ठेवले जातात.

या पाटीवर रँडने पुढे 'ग्रेल' नावाची प्रणाली बांधली. हाताने वेडावाकडा चौकोन काढला की त्याचा नीट चौकोन होई, आत हाताने अक्षरं लिहिली की छापील अक्षरं होत, आणि असा काढलेला फ्लोचार्ट चक्क प्रोग्रॅम म्हणून चाले. १९६० च्या दशकाचा शेवट आहे हा. ॲलन के पुढे 'डायनाबुक'च्या, म्हणजे काखेत मारून न्यायच्या संगणकाच्या कल्पनेपर्यंत पोचला, त्यात ग्रेल बघितल्याचा मोठा वाटा होता.

हाताकडे न बघता

'पण हाताकडे न बघता चित्र कसं काढायचं?' हा लोकांचा पुढचा प्रश्न. मला गंमत अशी वाटते की हा प्रश्न विचारणारा माणूस त्याच वेळी माऊस हलवत असतो, आणि माऊसकडे ढुंकून बघत नसतो. तबलजी गायकाकडे बघत ठेका धरतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तर कीबोर्डकडे बघितलं की सर ओरडायचे. हाताकडे न बघता काम करणं हे काही आक्रीत नाही. वेळ द्यावा लागतो इतकंच.

किती वेळ? माणसाचा मेंदू या बाबतीत भलताच लवचिक आहे. जॉर्ज स्ट्रॅटन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं स्वतःच्या डोळ्यावर बांधून घेतली. वरचं खाली, डावं उजवं. १८९७ मध्ये त्याने जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यात तो असा आठ दिवस वावरला. सुरुवातीला साधी वस्तू उचलतानाही हात भलतीकडे जायचा. आठवड्याच्या अखेरीस हात बरोबर जागी जायला लागले. जग उलटं झालं तरी मेंदू आठ दिवसांत जुळवून घेतो, मग इथे तर फक्त फूट-दीड फुटाचं अंतर आहे.

याहून माझ्या आवडीचा पुरावा म्हणजे माऊसचा जनक डग्लस एंगेलबार्टच्या गटाने केलेला प्रयोग. पडद्यावरच्या अक्षरांकडे निर्देश करायला कोणतं साधन चांगलं, हे त्यांनी मोजून बघितलं. लाइट पेन, जॉयस्टिक, माऊस, एवढंच काय, गुडघ्याने हलवायचं एक साधनही त्यात होतं. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवशिक्यांचा हात लाइट पेनवर (आणि गुडघ्यावर!) माऊसपेक्षा जलद चालला. सराव झालेल्यांच्या बाबतीत मात्र माऊस पुढे गेला.

हे वाक्य नीट वाचा, कारण दुकानात उभं राहून दोन मिनिटं टॅब्लेट वापरून बघणारा प्रत्येक जण नेमका इथे फसतो. पहिल्या दिवशी थेट स्क्रीनवर टेकवणं सोपं वाटणारच. पण साधन घ्यायचं असतं ते पहिल्या दिवसासाठी नव्हे, तर तीनशेव्या दिवसासाठी. अर्थात शब्दावर निर्देश करणं वेगळं आणि नाक काढणं वेगळं. या प्रयोगावरून 'पाटीच श्रेष्ठ' असं सिद्ध होत नाही. पहिल्या दोन मिनिटांचा अनुभव हा पुरावा नव्हे, एवढं मात्र नक्की होतं.

रंग आले, जोर आला

आत्तापर्यंत पाटीवर इंजिनियरच बसले होते. चित्रकार आले १९७० च्या दशकात. झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात रिचर्ड शूपने १९७३ मध्ये 'सुपरपेंट' चालू केलं. ६४० बाय ४८० चं रंगीत चित्र, प्रत्येक पिक्सेलला आठ बिट, म्हणजे जेमतेम ३०० केबी. आज सकाळी सकाळी मोबाईलवर येऊन आदळणारी सुप्रभातची चित्रं बहुतेकदा याहून मोठी असतात. पण तेव्हा तेवढ्या मेमरीला कपाटभर यंत्र लागे. समोर टीव्ही, हाताखाली पाटी, हातात पेन.

१९७४ मध्ये अ‍ॅल्वी रे स्मिथ नावाचा माणूस तिथे आला आणि सुपरपेंटच्या प्रेमातच पडला. पण ऑफिसचं भविष्य कृष्णधवलच आहे असं कंपनीने ठरवलं आणि त्याची नोकरी गेली. तो रंगांच्या मागे दुसरीकडे गेला, तिथून ल्युकासफिल्ममध्ये, आणि १९८६ मध्ये 'पिक्सार'च्या संस्थापकांपैकी एक झाला. असो, ती वेगळ्या वीकेंडची गोष्ट आहे.

१९८१ मध्ये इंग्लंडच्या क्वांटेल कंपनीने 'पेंटबॉक्स' आणला. टीव्ही स्टुडिओंसाठी बनवलेलं प्रचंड महागडं यंत्र. डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग'चा १९८५ चा व्हिडिओ आठवतो का? त्यात बँडच्या अंगावर, गिटारवर जे भडक निऑन रंग फासलेत, ते पेंटबॉक्सवर केलेले आहेत. याच्याही पेनाखाली बिनस्क्रीनची पाटीच होती. पण पेन फक्त 'टेकलं' आणि 'उचललं' एवढंच सांगत नव्हतं, किती जोराने टेकलं हेही सांगत होतं. आधीच्या दोन आकड्यांत तिसऱ्या आकड्याची भर पडली, जोराची. चित्रकारासाठी हा तिसरा आकडा म्हणजे सर्वस्व आहे. हलका हात म्हणजे फिकट रंग, दाबलं की गडद. डेव्हिड हॉक्नीसारख्या नावाजलेल्या चित्रकाराने बीबीसीच्या 'पेंटिंग विथ लाइट' या १९८७ च्या मालिकेसाठी पेंटबॉक्सवर काम केलं.

(जाता जाता: क्वांटेलने आपल्या पेटंटांच्या जोरावर पुढे अ‍ॅडोबीला कोर्टात खेचलं. १९९७ मध्ये तो खटला क्वांटेल हरली. असले पेंट प्रोग्रॅम आधीपासून होते, याची साक्ष द्यायला आला होता अ‍ॅल्वी रे स्मिथ!)

सतारीच्या तरफा

घरगुती पाट्याही याच सुमारास यायला लागल्या. अ‍ॅपलने १९७९ मध्ये अ‍ॅपल टू साठी ग्राफिक्स टॅब्लेट काढला. १९८० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात 'कोआलापॅड' आला, तो तर मुलांच्या हातात द्यावा इतका स्वस्त आणि सुटसुटीत. पण चांगल्या पाटीच्या पेनाला अजून शेपटी असायची, म्हणजे वायर. ज्याने वायरवाल्या माऊसने काम केलंय त्याला ती वायर चहाच्या कपाला कशी अडकते ते वेगळं सांगायला नको.

ती शेपटी कापली जपानच्या वाकॉमने. १९८३ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९८४ मध्ये बिनवायरचं पेन बाजारात आणलं, आणि या पेनात बॅटरीही नाही. हे कसं होतं हे समजायला सतार आठवा. सतारीला मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. वाकॉमच्या पेनात तारेचं एक वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो, एका ठराविक सुरात जुळवलेला. पाटीखालची वेटोळी क्षणभर त्या सुरातलं चुंबकीय क्षेत्र सोडतात आणि गप्प होऊन ऐकतात. पेन तरफेसारखं झंकारतं. कोणत्या वेटोळ्याला तो झंकार सगळ्यात मोठा ऐकू आला यावरून जागा कळते. टोक दाबलं की पेनाचा सूर किंचित उतरतो किंवा चढतो, त्यावरून जोर कळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. पेनाला लागणारी वीज पाटीच पुरवते.

पाटीला पेन टेकायच्या आधीच, सेंटीमीटरभर वर असतानाच ऐकू येतं, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. म्हणून हवेत असतानाही पडद्यावर कर्सर दिसतो. याचं महत्त्व देवनागरी लिहिणाऱ्याला पटकन कळेल. इंग्रजी जोडाक्षरी लिपी एका दमात लिहिता येते. आपण आधी अक्षरांची अंगं लिहितो, मग पेन उचलतो, मागे येतो, आणि वरून शिरोरेषा मारतो. उचललेलं पेन परत नेमकं कुठे टेकणार हे कळलं नाही तर शिरोरेषा अक्षरांच्या गळ्यातून जाते. मी माझ्या पाटीवर सराव केला तो चित्रांनी नाही, रोज एक पानभर मराठी लिहून. पहिल्या आठवड्यातल्या शिरोरेषा बघवत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्या डोक्यावर बसायला लागल्या, आणि त्या दिवशी चित्रातल्या रेषाही बसायला लागल्या.

स्क्रीन परत आली

२००१ मध्ये वाकॉमने 'सिंटिक' हे नाव घेऊन स्क्रीनवाला टॅब्लेट आणला. २०१५ मध्ये आयपॅड प्रो आणि अ‍ॅपल पेन्सिल आली. सपाट एलसीडीमुळे पडदा आडवा, तिरका कसाही ठेवता आला, त्यामुळे १९६३ ची खांद्याची तक्रार बरीचशी मिटली. पेनाची जागा कळायला प्रकाशाची गरज उरली नाही, कारण स्क्रीनमागे तीच वेटोळ्यांची पाटी बसवली! म्हणजे सिंटिकमध्ये रँडचा धडा गिरवलेलाच आहे, वर काच ठेवून.

प्रामाणिकपणे सांगायचं तर काही कामांना स्क्रीनवालाच बरा. कॉमिक्सचं इंकिंग करणाऱ्यांना, कागदावर वर्षानुवर्षं काम केलेल्या चित्रकारांना तो सोडवत नाही. पेंटबॉक्स वापरलेल्या हॉक्नीनेच २०१० पासून आयपॅडवर शेकडो चित्रं काढली. सोबत नेता येतो, प्रवासात काढता येतं, हा फायदा पाटीला कधीच मिळणार नाही.

पण दोन गोष्टी अजूनही पाटीच्याच बाजूच्या आहेत. हात चित्राच्या मध्ये येत नाही, ही एक. आणि मान. दिवसभर कोड लिहून आलेला माणूस रात्री परत दोन तास मान खाली घालून बसला तर काय होतं ते आपल्यापैकी अनेकांच्या फिजिओथेरपिस्टना माहीत आहे. पाटीवर काम करताना मान सरळ राहते.

मग घेऊ का?

वाकॉमच्या मूळ पेटंटांची मुदत संपत गेली, तशा चिनी कंपन्याही बिनबॅटरीची पेनं बनवायला लागल्या. ह्युऑन, एक्सपी-पेन वगैरे. त्याआधी त्यांच्या पेनात पेन्सिल सेल घालावा लागायचा आणि पेन जड व्हायचं. आता चार-पाच हजारांच्या आत चांगली पाटी मिळते. लिनक्सवाल्यांसाठीही दिवस बरे आहेत. पूर्वी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पेन, खोडरबर आणि कर्सर अशी तीन वेगवेगळी उपकरणं हाताने लिहावी लागायची. आता बहुतेक पाट्या लावल्या की चालतात. क्रिता आणि गिंप फुकट आहेत.

घेतलीत तर तीन गोष्टी करा. एक, सेटिंगमध्ये पाटी आणि मॉनिटर यांचं प्रमाण सारखं करा, नाहीतर पाटीवर काढलेलं वर्तुळ पडद्यावर अंड्यासारखं दिसेल आणि तुम्ही हाताला दोष द्याल. दोन, पाटी मॉनिटरच्या बरोबर समोर, सरळ ठेवा. थोडी जरी तिरकी असली तरी सगळ्या आडव्या रेषा उतरतील. तीन, खोक्यावरच्या '८१९२ प्रेशर लेव्हल्स'ला भुलू नका. १९९८ च्या पहिल्या इंटुओसला १०२४ होत्या, आणि त्यावर लोकांनी उत्तम कामं केली.

माझ्या ओळखीत निदान तीन जण असे आहेत ज्यांचा हात खरंच चांगला आहे, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी वगैरे, आणि जे 'एकदा आयपॅड घेतला की सुरू करतो' म्हणत चार वर्षं थांबलेत. पन्नास-साठ हजार बाजूला पडत नाहीत, कधी घराचा हप्ता, कधी मुलाची फी, आणि हात गंजतोय. कमी दर्जाच्या साधनावर शिकून सवय बिघडेल असं त्यांना मनापासून वाटतं. हा लेख खरं तर त्यांच्यासाठी आहे. ज्याला ते कमी दर्जाचं म्हणतात ते साधन ज्यांनी बनवलं, त्यांच्यासमोर स्क्रीनवरचं पेन हजर होतं. ते बाजूला ठेवून त्यांनी अठरा हजार डॉलरची ही पाटी बनवली. ती आज दोन-तीन वेळा बाहेर जेवायच्या पैशांत मिळते.

तेव्हा मंडळी, पाटी घ्या. पंधरा दिवस तिला आणि मला मनसोक्त शिव्या घाला. आयपॅडचं काय ते सोळाव्या दिवशी ठरवा.